लेकीच्या घरचं पाणी

धोंड्याच्या महिन्यात सासूनं जेवायला बोलावलं, तेव्हाच हेमंत निकोडेनं ओळखायला हवं होतं की बाईच्या मनात काहीतरी आहे.

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं. लेकच उरली नाही तर जावयाला अधिक महिन्याचं वाण कोण देतं? पण मंदाकिनी डहाके यांनी दिलं. पुलगावच्या घरी पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे आणि शेजारी तांब्याच्या परातीत मोजून तेहतीस अनारसे. वर दिवा. सासष्ट वर्षांची बाई आदल्या दिवशी एकटी कढईपुढे बसून ते तळत होती, हे घरात शिरल्याबरोबर तुपाच्या वासानं कळत होतं.

"घ्या, जावईबापू. संकोच करू नका. तसा तुम्ही आमच्या घरात संकोच कधी केला म्हणा."

"आई, हे काहून केलं? शर्वरी नाही आता."

"शर्वरी नाही. जावई आहेत नं? लेकी जातात. जावई राहतातच."

हेमंतनं मान खाली घालून घास घेतला. या बाईशी बोलायचं म्हणजे बाभळीला पाठ घासायची, हे त्याला चौदा वर्षांत पाठ झालं होतं. मंदाकिनीबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि माणसाकडेही त्या चुकलेल्या गणिताकडे बघावं तशा बघत.

हेमंतबद्दलचं त्यांचं गणित सरळ होतं. तो गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, नीलमपल्लीच्या हत्तीकॅम्पवर पशुवैद्य होता. लग्न करून त्यानं शर्वरीला त्या जंगलात नेलं. तिथं तिला मेंदूचा मलेरिया झाला. ताप चढला तेव्हा गौरा नावाची हत्तीण नाल्याच्या गाळात रुतली होती आणि हेमंत दोन दिवस तिच्यापाशी होता. शर्वरीनं फोनवर सांगितलं होतं, "साधा ताप आहे. तुम्ही गौराचं पाहा." त्यानं गौराचं पाहिलं. गौरा वाचली. तो घरी आला तेव्हा शर्वरी त्याला ओळखत नव्हती.

मंदाकिनीबाई पुलगावहून गाडी करून पोचल्या त्या शेवटच्या दिवशी. हेमंतच्या मनात त्या दिवसाचं एक वेगळंच चित्र अडकून बसलं होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी त्यांच्या घराण्यातली रीत. शर्वरी हसायची, "आई, माणसं चंद्रावर राहून आली." त्या म्हणायच्या, "आली नं? तिथं लेकीचं घर नव्हतं." चौदा वर्षांत त्या चार वेळा कॅम्पवर आल्या आणि चारही वेळा स्वतःच्या बाटल्या घेऊन आल्या. त्या शेवटच्या दिवशी घाईत बाटल्या राहिल्या. ओठ सुकून पांढरे झाले, बाई भिंतीला धरून उभी होती, पण माठाकडे गेली नाही. लच्चू माहूत गावातून पाणी घेऊन आला तेव्हा प्याली. लेक मरत होती आणि ही बाई रीत सांभाळत होती. हेमंतनं ते तिला कधी माफ केलं नाही.

हेमंत पाचवा अनारसा खात असताना मंदाकिनीबाई बोलल्या.

"नागपूरच्या दवाखान्यात तुमचा एक गर्भ ठेवलेला आहे."

हेमंतचा हात थांबला. सहा वर्षांपूर्वी दोघांनी उपचार घेतले होते. दोनदा अपयश आलं. तिसऱ्या वेळेसाठी एक गर्भ गोठवून ठेवला होता. मग हत्ती, पाऊस, बदलीची भीती. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता शर्वरीच गेली.

"आहे," तो म्हणाला.

"तो मला द्या."

"म्हणजे?"

"तुमच्या कॅम्पच्या दारात हत्तिणीच्या रक्ताचं केंद्र आहे नं? माझ्या वयाच्या बायका तिथं पोटुशी राहतात. मी जाऊन चौकशी केली, तपासण्या केल्या. हृदय चांगलं आहे, किडन्या चांगल्या आहेत. कायद्यानं जवळच्या नात्यातली बाई चालते. फक्त तुमची संमती पाहिजे."

हेमंत हसला. त्याला हसू आवरलं नाही. "आई, तुम्ही सासष्टच्या आहात."

"तुमची गौरा एकसष्टची आहे. तिचं कौतुक सांगत फिरता नं सगळीकडे?"

"ती हत्तीण आहे."

"अन् मी तिच्याहून कमी शिकलेली आहे काय?" त्यांनी सहावा अनारसा त्याच्या ताटात टाकला. "पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, जावईबापू. ते माझं करायचं राहिलं. तुम्ही करू दिलं नाही. आता द्या."

हेमंतच्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगायला हवं. दया आली नाही. शर्वरीची आठवणही आली नाही. पासष्टीपुढच्या बायकांत दहातल्या एकीचाही गर्भ टिकत नाही, हे त्याला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं, कारण त्यांना लागणारं रक्त तोच काढून देत होता. त्याला वाटलं, होऊन जाऊ दे. टिकायचं नाहीच. एकदा हात पोळले की बाईचं तोंड कायमचं बंद होईल, आणि तो फ्रीजमधला गर्भही एकदाचा संपेल. रोज सकाळी उठून त्याचा विचार करायला नको.

"देतो संमती," तो म्हणाला आणि अनारसा तोडला.

*

नीलमपल्लीला जे चाललं होतं ते समजायला फार शिकावं लागत नाही.

बाई जन्माला येते तेव्हाच तिच्या आयुष्यभराची बीजं तिच्या पोटात असतात. पन्नाशीला ती संपतात, आणि गर्भाशयही त्याबरोबर म्हातारं होतं. बाई मात्र पुढं तीस-चाळीस वर्षं जगते. बहुतेक प्राण्यांत असं नसतं. मादी मरेपर्यंत, किंवा मरायच्या जरा आधीपर्यंत, पिल्लं देत राहते. मधेच थांबून पुढं इतकी वर्षं जगणाऱ्या म्हणजे माणसांतल्या बायका आणि काही जातींच्या देवमाशांच्या माद्या. हत्तीण माणसाएवढी जगते, पण ती थांबत नाही. साठीतही तिला पिल्लू होतं. बावीस महिने ती ते पोटात वागवते.

आणखी एक गोष्ट कॅम्पवाल्यांना जुनीच ठाऊक होती. जी हत्तीण वर्षानुवर्षं गाभण राहत नाही, तिच्या गर्भाशयात गाठी होतात, ती लवकर म्हातारी होते. जी विते, तिचं गर्भाशय तरुण राहतं. संशोधकांनी याचं कारण गाभण हत्तिणींच्या रक्तात शोधलं. वयस्क, गाभण हत्तिणीच्या रक्तात एक प्रथिन भरपूर सापडलं. ते गर्भाशयाचं अस्तर आणि तिथल्या रक्तवाहिन्या दुरुस्त करत राहतं. त्याला नाव पडलं गर्भधर.

कारखान्यात गर्भधर बनवून पाहिलं, पण ते टिकेना. ताज्या रक्तातून वेगळं काढून तीन तासांत टोचलं तरच ते काम करायचं. म्हणून केंद्र हत्तींच्या दारात आलं. म्हातारीचं गर्भाशय आठ-दहा टोचण्यांत चाळिशीतल्या बाईसारखं व्हायचं. मात्र डोस थांबवला की काही दिवसांत ते पुन्हा आपल्या खऱ्या वयाला यायचं. पोटात मूल असताना असं झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

आणि हत्तिणीचं काय? गर्भधर ती हौस म्हणून बनवत नाही. तिच्या पिल्लाच्या वारेला ते लागतं. थोडं काढलं तर ती भरून काढते. जास्त काढलं तर पिल्लाच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं होतं. किती काढायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवणारा माणूस हेमंत होता. केंद्राच्या लोकांशी तो यावरून नेहमी भांडायचा. हत्तीच्या बाजूनं.

मंदाकिनीबाई आषाढीनंतर आल्या. एक बॅग, एक स्टोव्ह, तांदळाचं पोतं आणि पितळी कळशी.

"केंद्रात खोली मिळते," हेमंत दारातच म्हणाला.

"मी माझ्या लेकीच्या घरी राहायला आले. तुमच्या नाही."

त्यांनी पाठची खोली घेतली. चूल वेगळी. पाणी वेगळं. कुंपणाबाहेर रस्त्यावर सरकारी हातपंप होता. रोज सकाळी त्या कळशी घेऊन तिथं जायच्या. तो पंप सरकारचा, लेकीच्या घरचा नाही, म्हणून चालायचा.

पहिल्याच दिवशी त्या गौराला पाहायला गेल्या. गौरा गवत चावत होती. तिनं बाईंना नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, सोंडेत माती घेतली आणि त्यांच्या नव्या सुती साडीवर फेकली.

लच्चू वेलादी पोट धरून हसला. "ओळखलं बाई तुम्हाला तिनं!"

"माझ्याहून पाच वर्षांनी लहान," पदर झाडत मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अन् शिस्त नावाला नाही. कुणी वाढवली?"

"माझ्या बापानं."

"दिसतंच."

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. व्हरांड्यात शर्वरीची स्कूटर उभी होती. चालवणारं कुणी नव्हतं, तरी हेमंत दर रविवारी ती चार्जिंगला लावायचा, बॅटरी मरू नये म्हणून. दुसऱ्याच रविवारी मंदाकिनीबाईंनी वायर काढून टाकली.

"वीज फुकट येते काय?"

"हात लावू नका त्या गाडीला."

"तुम्ही तिला वेळेवर दवाखान्यात नेली असती तर आज तीच चालवत असती. आता गाडीची सेवा करून काय होते?"

"आणि तुम्ही तिच्या उशाशी बसायचं सोडून पाण्याची रीत सांभाळत होता!"

पुढं चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. केंद्रातल्या डॉक्टर फरहाना शेख, ज्यांच्या हातात हा सगळा उपचार होता, त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "निकोडे, तुमची आणि मॅडमची भांडणं माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतात. त्यांचं ब्लडप्रेशर बरोबर आहे. माझं वाढतंय."

गर्भ टिकला.

पहिल्या महिन्यात हेमंतला वाटलं, पुढच्या महिन्यात जाईल. दुसऱ्यात वाटलं, तिसऱ्यात. चौथ्या महिन्यात पडद्यावर त्यानं हात पाहिला. छोटा, मूठ वळलेला. तो बाहेर आला आणि हत्तीखान्यात जाऊन उगाच चारा मोजत बसला.

ही बातमी पुलगावला पोचायला वेळ लागला नाही. मंदाकिनीबाईंच्या भावाचा फोन आला. त्या स्पीकर लावूनच बोलायच्या, कान कमी झाले होते म्हणून.

"ताई, लोक काय म्हणतात माहीत आहे? म्हातारी जावयाच्या घरी जाऊन पोटुशी राहिली!"

"बरोबर म्हणतात. तारीख विचारली तर सांग, उन्हाळ्यात आहे."

"तुला लाज नाही?"

"लाज होती. ती शर्वरीबरोबर जाळली. तुला बारशाला बोलावणार नाही, काळजी करू नको."

फोन ठेवून त्यांनी स्टोव्हवरचं वरण हलवलं. हेमंत दारात उभा होता. त्यांना दिसला.

"काय पाहता? तुमची बाजू नाही घेतली मी. माझीच घेतली."

*

त्या हंगामात केंद्रात तिघी बायका होत्या आणि रक्त देणाऱ्या हत्तिणी दोन, रंगी आणि गौरा. मंदाकिनीबाई सोडून बाकीच्या दोन बायकांपैकी एकीचा गर्भ गेला, दुसरी बाळ घेऊन घरी गेली. मग फेब्रुवारीत रंगी व्याली. व्याल्याबरोबर तिच्या रक्तातलं गर्भधर संपलं. आता सगळा भार गौरावर.

होळीच्या सुमारास हेमंतनं गौराची सोनोग्राफी केली. पिल्लाच्या हृदयाचे ठोके मंदावले होते. गौराच्या रक्तातलं गर्भधरही कमी झालं होतं. त्यानं त्याच दिवशी लच्चूला सांगितलं, "आता सुई बंद. ही व्याली की मगच."

"बरं केलं साहेब," लच्चू म्हणाला.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर फरहानांनी हेमंतला बोलावलं.

"मॅडमचा सातवा संपत आलाय. वारेचा रक्तपुरवठा कमी होतोय. एक पूर्ण डोस मिळाला तर तीन आठवडे ढकलता येतील. बाळाची फुप्फुसं तेवढ्यात तयार होतात."

"आणि नाही मिळाला तर?"

"आठवडाभरात सिझर करावं लागेल. मग बाळाचं सांगता येत नाही. मॅडमचंही."

हेमंत उठला. रक्त काढायची पिशवी, सुई, स्पिरिट घेऊन तो सरळ हत्तीखान्यात गेला. ज्या माणसानं केंद्राच्या लोकांना आजवर थेंबाथेंबावरून अडवलं होतं, तो आज कुणाला न विचारता पूर्ण पिशवी भरायला निघाला होता. रस्ताभर त्याच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती, ती वळलेली मूठ.

"लच्चू, साखळी घाल तिला."

लच्चूनं पिशवीकडे पाहिलं. "साहेब, काल तुम्हीच म्हटलं सुई बंद."

"आज मी म्हणतो चालू."

"पिल्लाचं काय?"

"साखळी घाल."

"मी नाही घालत. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही घाला."

"तुझी नोकरी माझ्या हातात आहे, लच्चू."

"घ्या नं मग. हातच आहेत तुमचे." लच्चू गौराच्या पुढच्या पायाला टेकून उभा राहिला. "नाल्यात ही रुतली तेव्हा दोन दिवस तुम्ही चिखलात उभे होते. म्हणाले, लच्चू, हिला मरू द्यायचं नाही. तो माणूस कुठं गेला?"

"त्या माणसाची बायको मेली!" हेमंत ओरडला.

गौरानं कान फडफडवले आणि एक पाऊल मागं घेतलं. त्याच वेळी मंदाकिनीबाई हातपंपावरून येत होत्या. कळशी कमरेवर, पोट पुढं, ऊन डोक्यावर. ओरडणं ऐकून त्या कुंपणातून आत आल्या.

"काय चाललंय?"

"आई, तुम्ही घरी जा."

"लच्चू, तू सांग."

लच्चूनं सगळं सांगितलं. आदल्या दिवशीची सोनोग्राफी, ठोके, बंद केलेली सुई. मंदाकिनीबाईंनी कळशी खाली ठेवली.

"त्या डोसनं मला किती दिवस मिळतात?"

"तीन आठवडे."

"अन् हिचं पिल्लू?"

हेमंत पिशवीची नळी गुंडाळू लागला.

"गणित विचारलं, जावईबापू. उत्तर द्या."

"जाईल. बहुतेक."

"बहुतेक हे उत्तर नाही."

"जाईल," हेमंत म्हणाला.

बाईंनी गौराकडे पाहिलं. गौरा माती शोधत होती. "त्या दिवशी गाळात होती ती हीच नं?"

"हीच."

"अन् माझी पोर तापात."

"हो."

"तुम्ही हिला वाचवलं. मी दोन वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या. देवापुढं बसून तुमचं वाईट मागितलं, खोटं नाही सांगत. अन् आज तुम्ही हिचं पिल्लू मारून माझ्या पोरीचं लेकरू वाचवायला निघाले." त्यांचा आवाज चढला नाही. वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढाच होता. "हे तेव्हा करायचं होतं. आता केलं तर माझी पोर कशापायी मेली? ती गेली अन् ही जगली, एवढंच तिच्या मरणाचं उरलं आहे. तेही पुसता?"

"ते माझं लेकरू आहे, आई."

हे त्यानं पहिल्यांदाच म्हटलं. म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"सही केली तेव्हा नव्हतं?"

"सही केली तेव्हा मला वाटलं, तुमच्यानं होणार नाही. म्हणून केली."

लच्चूनं मान दुसरीकडे वळवली. हेमंतला वाटलं, आता ही बाई आपल्याला मारेल. तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"माहीत आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या मी. कोण मनापासून लिहितो अन् कोण टाळतो, न वाचता कळतं. तुम्ही वैरापायी सही करणार हे ठाऊक होतं, म्हणून तर तेहतीस अनारसे तळले. गोड बोलून मागितलं असतं तर तुम्ही विचार केला असता."

त्या वाकल्या, कळशी उचलायला. हेमंत पुढं झाला.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "पिशवी ठेवा ती घरी नेऊन. अन् डॉक्टरीणबाईंना सांगा, आठवड्याभरात काय करायचं ते करा. लेकरू माझ्या घराण्याचं आहे. चिवट असेल."

त्या दोन पावलं गेल्या असतील, तेवढ्यात गौरानं मागून माती फेकली. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

*

आठवडा पूर्ण भरला नाही. पाचव्या दिवशी ब्लडप्रेशर चढलं, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि भर दुपारी सिझर झालं. आत नेताना मंदाकिनीबाईंनी हेमंतला जवळ बोलावलं. त्याला वाटलं, शेवटचं काही सांगतील.

"मी मेले तर माझ्या भावाला पोरीला हात लावू देऊ नका."

"पोरगी आहे हे कसं कळलं?"

"पोरगाच असता तर एवढा त्रास सोसून आला असता काय?"

मुलगीच झाली. ओंजळीत मावेल एवढी, लाल, सुरकुतलेली, आणि डॉक्टरांनी उचलल्याबरोबर रागानं रडणारी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मंदाकिनीबाईंचा रक्तस्राव थांबेना. डोस नसलेलं ते गर्भाशय तेवढ्या दिवसांत सासष्ट वर्षांचं झालं होतं. शेवटी ते काढून टाकावं लागलं. डॉक्टर फरहाना बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही शिल्लक नव्हतं.

"वाचल्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

पुढं कित्येक आठवडे हेमंत तीन ठिकाणी धावत होता. केंद्रातली काचेची पेटी, मंदाकिनीबाईंची खाट आणि हत्तीखाना. गौराच्या पिल्लाचे ठोके हळूहळू सुधारले. मुलीचं वजन वाढलं. मंदाकिनीबाईंची फक्त तक्रार वाढली. खाटेवर पडल्या पडल्या त्या त्याला शिव्या घालायच्या: अळीव कच्चे राहिले, डिंकाच्या लाडवांत गूळ जळाला, शेगडीचा धूर होतो. बाळंतपण हेमंत करत होता. दुसरं कुणी नव्हतंच. लच्चूची बायको येऊन अंग चोळून जायची. बाकी सगळं त्याच्याकडे. आणि रोज सकाळी पितळी कळशी घेऊन तोच हातपंपावर जायचा. जावयानं आणलेलं पाणी चालतं का, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला होता. मग ठरवलं, पंप सरकारचा आहे तोवर आणणारा कुणीही चालेल.

मुलगी घरी आली त्या दिवशी ऊन कडक होतं. लच्चूच्या बायकोनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. मंदाकिनीबाई काठी टेकत स्वतःच्या पायानं पाठच्या खोलीतून पुढच्या खोलीत आल्या आणि शर्वरीच्या खुर्चीत बसल्या. हेमंतनं मूल त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी पोरीचं तोंड पाहिलं, नाक पाहिलं, कानामागं पाहिलं.

"कान तुमच्यावर गेले," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक आहे."

व्हरांड्यात स्कूटरच्या चार्जिंगचा हिरवा दिवा लागलेला हेमंतला दिसला. रविवार होता, आणि या धावपळीत तो वायर लावायची विसरला होता. लच्चूला त्यातलं काही कळत नव्हतं. वायर कुणी लावली ते हेमंतनं विचारलं नाही. कळशी उचलून तो बाहेर निघाला.

"कुठं निघाले?"

"पंपावर. पाणी संपलंय तुमचं."

"ठेवा ती. घरात नळ नाही काय?"

हेमंत जागीच थांबला.

"नळाला पाणी आहे की तेही हत्तींनी पिऊन टाकलं?"

त्यानं कळशी खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचा शर्वरीचा स्टीलचा पेला घेतला, नळाखाली धरला. पेला भरून वाहू लागला तरी तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग तोंड धुतलं, आणि पेला घेऊन बाहेर आला.

मंदाकिनीबाईंनी पोरीला एका हातात सावरलं, दुसऱ्या हातानं पेला घेतला आणि एका दमात संपवला. तोंड वाकडं केलं.

"मचूळ आहे."

"बोअरचं आहे. क्षार जास्त आहेत इकडं."

"चौदा वर्षं हेच पाजलं माझ्या पोरीला?"

बाईंनी रिकामा पेला पुन्हा त्याच्यापुढं धरला.

"उभे काय राहिले? भरा."